बीप-बीपला ऑर्केस्ट्रा कशाला?
व्हिडिओ गेमचं संगीत ऑर्केस्ट्राने स्टेजवर वाजवायचं म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "गेममध्ये नुसतं बीप-बीप, त्याला ऐंशी वादक कशाला", त्यावर थोडं. अहो ते बीप-बीप ही मशीनची मजबुरी होती, संगीतकाराची नाही! जुन्या निन्टेंडो गेम-मशीनच्या चिपमध्ये आवाजाचे चॅनल एकूण ५, त्यात सुरांसाठी जेमतेम ३, मग कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांना) जागा पुरणार कुठून, म्हणून तेच सूर एकामागोमाग इतके भरभर फिरवायचे की कानाला वाटावं एकत्रच वाजतायत. आणि हे फॅड काल-परवाचं पण नाही, संगीतकार कोइची सुगियामांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमच्या संगीताची कॉन्सर्ट टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये १९८७ लाच झाली. अशी कॉन्सर्ट युरोपात यायला मात्र २००३ उजाडलं, जर्मनीतल्या लाइपझिगला.

मला खरी गंमत वाटते ती शेवटाची. गेममधली धून संपतच नाही, तुम्ही लेव्हलमध्ये अडकलात की ती आपली फिरून परत पहिल्यापासून (एका बॉसपायी, म्हणजे लेव्हलच्या शेवटच्या तगड्या शत्रूपायी, मी दोन संध्याकाळी तेच दीड मिनिट ऐकलंय, नंतर झोपेतही तेच). स्टेजवर हे कसं चालणार, त्यामुळे अरेंजरला (धून ऑर्केस्ट्रासाठी बसवणाऱ्याला) शेवट नव्याने लिहावा लागतो, आणि तिथेच कळतं कोण नुसतं मोठ्याने वाजवून मोकळा झालाय.

मागे स्क्रीनवर गेमची दृश्यं असली की बऱ्याचदा कंडक्टरच्या कानात क्लिक ट्रॅक (ताल धरायला टिक-टिक ठोके) असतो, एक ठोका हुकला की उडी एकीकडे आणि झांज दुसरीकडे. मग वाजवणं जरा जखडल्यासारखं होतं, हे मान्य. म्हणून मला तरी स्क्रीन नसलेल्याच कॉन्सर्ट जास्त आवडतात.