विस्थापन आणि अंतर यांतील गल्लत

२० मी/से वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू ३ सेकंदांत किती अंतर कापतो, या प्रश्नाला s = ut + ½at² (u सुरुवातीचा वेग, a त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, t वेळ) वापरून १५ मीटर असे उत्तर दिले जाते. आकडेमोड अचूक आहे (गुरुत्वत्वरण g = १० मी/से² खालच्या दिशेने, म्हणजे a = −१० धरून ६० − ४५), परंतु हे सूत्र विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे दिशेसह सरळ अंतर देते, वाटेत एकूण कापलेले अंतर नव्हे. त्वरण वेगाच्या विरुद्ध दिशेला असेल, तर वस्तू वाटेत थांबून मागे फिरते का, हे आधी तपासावे लागते. येथे वेग २ सेकंदांनी शून्य होतो. तोवर चेंडू २० मीटर वर जातो आणि उरलेल्या एका सेकंदात ५ मीटर खाली येतो, म्हणून अंतर २५ मीटर.

वेग-काल आलेख काढला की हे लगेच दिसते, कारण अक्षाच्या वरचा त्रिकोण आणि खालचा त्रिकोण यांची क्षेत्रफळे चिन्हांसह मिळवली तर विस्थापन मिळते, चिन्हे सोडून मिळवली तर अंतर.

‘n-व्या सेकंदातील अंतर’ म्हणून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या u + ½a(2n − 1) या सूत्राचीही हीच गत आहे. सुरुवातीचा वेग २५ मी/से घेतल्यास तिसऱ्या सेकंदासाठी ते चक्क शून्य देते. प्रत्यक्षात त्या सेकंदात चेंडू १.२५ मीटर वर जाऊन तितकाच खाली आलेला असतो.