अनुभव सांगा: रेझ्युमेतलं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ कोणी वाचतं का?

मंडळी, भाचा यंदा बी.कॉम. झाला. कळव्यात सायबर कॅफेवाल्याने करून दिलेला रेझ्युमे बघितला तर वर तेच ते: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधायची आहे. आमच्या वेळीही हेच होतं. ठाणे-नवी मुंबईत नोकरी शोधलेल्यांनी आणि देणाऱ्यांनीही लिहा. उपदेश नको, काय लिहिलं आणि काय झालं ते सांगा.

ऐरोली, भरतीच्या कामात
मी आधी बघते: सध्या कुठे, काम काय, किती वर्षं, नोटीस पीरियड किती, राहायला कुठे. दहा वर्षं नोकरी झालेल्याचं ऑब्जेक्टिव्ह मी वाचतच नाही. फ्रेशरचं वाचते, कारण त्यांचं बाकी सगळं सारखंच असतं. एकीने लिहिलं होतं, ‘टॅलीवर व्हाउचर एंट्री आणि बँक रिकन्सिलिएशन येतं, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटी रिटर्न्स भरायला मदत केली आहे, अकाउंट्स असिस्टंटचं काम हवं.’ लगेच फोन लावला. आणि हो, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती काढून टाका. शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ पण. थापा मारणारा ते लिहायला थोडाच कचरतो!

रबाळे, मशीन शॉप
आमच्याकडे असले लाड नाहीत. गेटवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत’ (म्हणजे कॉम्प्युटरने चालणारी मशीन चालवणारे) अशी पाटी लागते, पोरं कागद घेऊन येतात. ट्रेड कुठला, आयटीआय कुठली, अप्रेंटिसशिप कुठे, मशीनचा कंट्रोल फॅनकचा वापरलाय की सीमेन्सचा, एवढं बास. मग हातात ड्रॉइंग, जॉब (मशीनवर बनवलेला भाग) आणि माप घ्यायचा व्हर्नियर देतो. एका पोराने माप घ्यायच्या आधी व्हर्नियरचे जबडे पुसले, मिटवले आणि शून्य जुळतंय का बघितलं. त्याचा कागद मी नंतर वाचला.

धागाकर्ता
ऐरोलीच्या ताई, भाच्याने टॅलीचा कोर्स केलाय, पण प्रत्यक्ष काम म्हणजे काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाची बिलं. लिहावं का?

ऐरोली
लिहा की! महिन्याला किती बिलं, स्टॉक कोण बघायचं, तेही लिहा. फक्त ‘अकाउंट्स मॅनेजर’ लिहू देऊ नका त्याला.

घोडबंदर रोड
ताई, अनुभवी लोकांबद्दल तुमच्याशी सहमत नाही. मुलं लहान म्हणून मी नोकरी सोडली होती. परत अर्ज करताना तिथेच लिहिलं, ‘औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल, एचपीएलसीवर (औषधातले घटक तपासायचं यंत्र) रोजचं काम, २०१८ ते २०२२ घरच्या जबाबदारीसाठी विराम, आता पूर्णवेळ परतायचं आहे.’ आधी ही वर्षं लपवा असा सल्ला सगळ्यांनी दिला होता. मी ऐकला नाही. मुलाखतीत गॅपबद्दल अवाक्षर नाही, गाडी थेट त्या यंत्रात बसवायचा कॉलम (नळी) कसा निवडायचा यावर. कासारवडवलीहून तुर्भ्याला सकाळी कशा याल, हे मात्र खोदून खोदून विचारलं. घोडबंदरचं ट्रॅफिक बघता त्यांचंही बरोबरच. ठाण्यापर्यंत बस, पुढे ट्रान्स-हार्बर लोकल, असं सांगितलं.

कोपरखैरणे, आयटी
दोन रकान्यांचे रंगीत टेम्प्लेट टाळा. बऱ्याच पोर्टलचं सॉफ्टवेअर डावं-उजवं एकत्र करून वाचतं. पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, लगेच कळेल. एका मित्राचा मोबाइल नंबर कॉलेजच्या नावात घुसला होता. कौशल्यापुढे तारेही नकोत. ‘जावा: चार तारे’ म्हणजे काय, मला अजून कळलेलं नाही.

वाशी
पोर्टलवर रेझ्युमे टाकला की ‘तुमचं सिलेक्शन झालंय’ असे फोन येतात, त्याबद्दल. मला स्टेशनजवळच्या एका ऑफिसात बोलावलं. फॉर्मवर ऑब्जेक्टिव्ह लिहायला निम्मं पान, आणि काम काय याचा रकानाच नाही! वर रजिस्ट्रेशनचे पैसे. कशाचे, विचारलं तर ‘ट्रेनिंग किटचे.’ आधार-पॅनची झेरॉक्सही मागत होते. काही न देता उठलो.

नेरुळ
आमच्या सोसायटीतल्या मुलीने असेच पैसे ऑनलाइन भरले. कोणाचे भरले गेले असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा आणि बँकेलाही कळवा. व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, तिथे तेच आधी विचारतात. किट तिला मिळालं होतं म्हणे. वही आणि पेन.