दोन फुटी खाऱ्या टँकमध्ये डॅमसेलची दादागिरी, काय करू?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळले, खाऱ्या पाण्याचा हा पहिलाच प्रयोग. टँक २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. दगड-वाळू वगळता ५५-६० लिटर पाणी. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर ठेवतो. अमोनिया, नायट्राइट शून्य.

आत मासे चार: दोन ऑसेलारिस क्लाउन, एक निळा डॅमसेल आणि दहा दिवसांपूर्वी आणलेली फायरफिश. डॅमसेल सगळ्यांच्या आधीचा. दुकानदार म्हणाला होता, "सायकलिंगला (नव्या टँकमध्ये घाण पचवणारे जिवाणू वाढवायला) हाच टाका, सहसा मरत नाही." मेला नाही खरा, आता घरमालक होऊन बसलाय. फायरफिश खायला बाहेर आली की हा सुसाट अंगावर जातो. तिची शेपटी फाटलीये, दिवसभर पंपामागे दडून असते. आई तर रोज विचारते, "जेवली का रे ती?"

दगडांची मांडणी बदलून पाहिली. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. जाळी घातली की दगडात शिरतो.

शिवाय मोठा क्लाउन धाकट्याला हुसकतो आणि धाकटा आडवा होऊन थरथरतो. तीही मारामारीच का?

रीफवेडा: क्लाउनची काळजी सोडा दादा. ते सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला वरचढ मासा मादी होतो. थरथरणं म्हणजे "तुझंच खरं बाई" अशी शरणागती. पंख फाटले तरच मध्ये पडा.
फायरफिशला मात्र आजच ब्रीडर बॉक्समध्ये (टँकच्या आतच टांगायचा छिद्रांचा डबा) घ्या, तिथेच खाऊ द्या. टँकवर जाळी आहे ना? घाबरली की ही उडी मारते, सकाळी फरशीवर सापडते.

खारंपाणी: डॅमसेल काढाच. एवढ्याशा टँकमध्ये पळायला जागा कुठून येणार? काचेला बाहेरून आरसा लावला तर तो स्वतःशीच भांडत बसेल, पण तेवढ्यापुरतंच. जाळी घेऊन त्याच्यामागे धावू नका. लिटरच्या प्लास्टिक बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत थोडा खाऊ टाका, आधी दिवसभर उपास घडवा. हावरट तो, पहिला शिरेल.

रीफवेडा: आणि धरल्यावर दुकानदार परत घेईल का, हे आधीच विचारून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता: आभार दोघांचे. दुकानदार घेतोय, पैसे देणार नाही म्हणाला, चालेल. फायरफिश बॉक्समध्ये आहे, संध्याकाळी दोन-तीन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्ले, आईचा जीव भांड्यात पडला. जाळी नव्हती, खिडकीची उरलेली मच्छरदाणी ताणून बसवलीये. बाटली लावली, पण दोन्ही वेळा धाकटा क्लाउनच आत शिरला. डॅमसेल बाहेरून बघत होता. उद्या परत.