मदत हवी आहे: अपडेटनंतर जीसीसी चालेना

विश्रामबागकर: लिनक्सवर अपडेट मारलं आणि जीसीसी, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर, गेला. साधं हॅलो वर्ल्ड होईना, पण जीसीसीचं व्हर्जन विचारलं की बरोब्बर सांगतंय!! सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय, पटकन सांगा कुणीतरी. फॉरमॅट मार म्हणू नका.

साताराकंदी: कुठलं लिनक्स? एरर काय? इथं पोवई नाक्यावर बसून मी काय अंदाज लावू?

विश्रामबागकर: आर्च. लायब्ररीची एरर आहे.

साताराकंदी: अहो पूर्ण टाका की ओ.

उबंटूचा_भक्त: आर्च घेतलंच कशाला? उबंटूचं एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टचं व्हर्जन) टाक, पाच वर्षं बघायला नको.

विश्रामबागकर: "सीसी१ ... लिबएमपीएफआर.एसओ.६: फाईल टू शॉर्ट" असं येतंय. अपडेट चालू असताना लाईट गेलेली.

साताराकंदी: हे आधी सांगायचं!

मिरजकर_तंतू: एमपीएफआर म्हणजे ती आकडेमोडीची लायब्ररी, तिचा सोर्स उतरवून स्वतः कंपाईल कर, मी कायम तेच करतो.

साताराकंदी: कंपाईल कशानं करणार, दातानं?

मिरजकर_तंतू: मग तिच्या जुन्या .४ फाईलला सिमलिंक (दुसऱ्या नावाचा शॉर्टकट) मार. २०१७ ला एमपीएफआर ४.० आलं, .४ चं .६ झालं, तेव्हा मी उलटी लिंक मारून भागवलेलं.

जुनी_खोड: तंतू, तो आकडा एबीआय (प्रोग्राम आणि लायब्ररी जुळायची पद्धत) बदलला म्हणून बदलतो, लिंक मारून चाललं ते तुझं नशीब. आणि याच्याकडं .४ आहेच कुठं. विश्रामबागकर, जीसीसी हा नुसता मुकादम, खरं काम सीसी१ करतो आणि एमपीएफआर त्यालाच लागते, म्हणून व्हर्जन दिसतं. यूएसआर-लिब फोल्डरमध्ये त्या फाईलची साईज बघ, शून्य असणार. ऑक (टेक्स्ट चाळायचं टूल) पण बंद असेल, आर्चवर तेही एमपीएफआरवरच चालतं.

विश्रामबागकर: हो शून्य! ऑक पण बंद. पण पॅकमनला (आर्चवर पॅकेज टाकणारा प्रोग्राम) पूर्ण अपडेट सांगितलं तर आधी डेटाबेस लॉक म्हणाला, ती लॉकची फाईल उडवली, आता म्हणतोय करण्यासारखं काही नाही.

जुनी_खोड: त्याच्या वहीत इन्स्टॉल झालंय ना, म्हणून. नाव घेऊन एमपीएफआर परत टाक, पॅकेज तयारच येतं, कंपायलर लागत नाही. कॅशमधली फाईल खराब निघाली तर डिलीट करून परत उतरव. मग पॅकमनचं क्यू-के-के (टाकलेल्या फाईली तपासायचा पर्याय) मारून अजून कुठल्या फाईलची साईज जुळत नाही ते बघ, लाईट गेली की एकच फाईल रिकामी राहत नाही.

उबंटूचा_भक्त: उबंटूवर लाईट गेली तरी असं होत नाही.

साताराकंदी: उबंटूला काय घरचं जनित्र आहे का?

कृष्णाकाठ: इन्व्हर्टरला ट्यूब्युलर बॅटरी घ्या, पाणी मात्र वेळेवर घालत जा.

विश्रामबागकर: चाललं!! क्यू-के-के मध्ये आयएसएल ही लायब्ररी पण रिकामी निघाली, तीही परत टाकली. प्रोजेक्ट बिल्ड होतोय.

नवखा_७: लिनक्सवर मराठी टाईप करायला काय वापरता?

मिरजकर_तंतू: आयबस (टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाक, त्याला एम१७एन (वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड) जोड. सोर्समधून टाकलेलं बरं.