मुलीच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये कुठले स्कोअर टाकायचे? (एसएटी, एसीटी, एपी) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी यंदा सीनियर इयरला (बारावीला) आहे, कम्प्युटर सायन्सला जायचंय. यादी बऱ्यापैकी ठरलीय, जॉर्जिया टेक, पर्ड्यू, मिशिगन, यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) दोनतीन कॅम्पस, येल आणि जॉर्जटाउन. निबंधांचं ती बघतेय पण कुठले स्कोअर दाखवायचे यावर घरात रोज चर्चा होते आणि काहीच ठरत नाही.

मार्चच्या एसएटीला (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) रीडिंग-रायटिंग ७३० आणि मॅथ ७००, म्हणजे १४३०. ऑगस्टला मॅथ ७८० झालं पण रीडिंग ६९० वर आलं, टोटल १४७०. दोन्हीतलं चांगलं घेतलं तर सुपरस्कोअर १५१०. मधे एसीटी (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा) पण दिली, त्यात ३६ पैकी ३३. एपीमध्ये (शाळेत असताना देतात त्या कॉलेज पातळीच्या विषयवार परीक्षा, ५ पैकी) कॅल्क्युलस बीसी ५, कम्प्युटर सायन्स ए ५ आणि यूएस हिस्टरी ३.

ओळखीतले सगळे सल्ले देतात पण प्रत्येकाचं वर्ष वेगळं. २०२० ला कोविडमध्ये परीक्षाच होईनात तेव्हा बहुतेकांनी स्कोअरची अट काढली, मग २०२२ ला एमआयटीने परत आणली, २०२४ ला डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड एकामागोमाग, त्यामुळे ज्यांची मुलं मधल्या काळात गेली ते म्हणतात "काही पाठवू नका, गरज नसते", आणि ते आता सगळीकडे खरं नाही. जॉर्जिया टेक आणि पर्ड्यूला स्कोअर लागतोच. मिशिगनला ऐच्छिक. यूसीवाले अ‍ॅडमिशनसाठी एसएटी-एसीटी बघतच नाहीत, तो प्रश्न मिटला.

आता अडलंय ते असं. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या स्कोअर चॉइसमध्ये (कुठले स्कोअर पाठवायचे ते निवडायची सोय) अख्खी तारीख निवडावी लागते, एका तारखेचं मॅथ आणि दुसरीचं रीडिंग असं मिळत नाही. म्हणजे १५१० दाखवायचा तर ६९० आणि ७०० पण त्यांच्यासमोर जाणार. मुलीला ते नकोय, ती म्हणते फक्त ऑगस्टचा १४७० पाठवू. मला वाटतं दोन्ही पाठवावेत. मिशिगनला १५१० द्यायचा की नाही? आणि हिस्टरीचे ३ लिहायचे का?

अजून एक, जे मला मनापासून खटकतंय. आपण बारावीच्या एकाच मार्कशीटवर वाढलो, जे आहे ते सगळं त्या कागदावर. इथे मुलं स्कोअर निवडून दाखवतात आणि मुलीला मी हे शिकवतेय याचं बरं वाटत नाही. हे लपवणं आहे की रीतसर आहे, कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

ताई, शेवटचं आधी घेतो. नियमच तसा असेल तर ते लपवणं नाही. जिथे सगळं मागतात तिथे सगळं द्यायचं, बस. तुमच्या यादीत जॉर्जटाउन तसं आहे, ते स्कोअर चॉइस मानत नाहीत, तिथे दोन्ही एसएटी आणि एसीटी पण जाणार. तिथे काटछाट अजिबात करू नका.

बाकी ठिकाणी सुपरस्कोअर धरत असतील तर दोन्ही तारखा बिनधास्त पाठवा. कॉमन अ‍ॅपचा (बऱ्याच कॉलेजांसाठी चालणारा एकच अर्ज) फॉर्मच बघा, प्रत्येक सेक्शनचा सर्वात जास्त स्कोअर आणि त्याची तारीख वेगवेगळी विचारतात, म्हणजे ७३० मार्चचे, ७८० ऑगस्टचे. एसीटीचा ३३ म्हणजे एसएटीचा साधारण १४६०, तुमचा १५१० तर ३४ च्या बरोबरीचा, मग ती पाठवून नवीन काय कळणार?

मिशिगनसाठी त्यांचा कॉमन डेटा सेट (कॉलेजं दरवर्षी जाहीर करतात ती आकडेवारी) काढा, त्यात सी९ या भागात प्रवेश घेतलेल्या मुलांच्या स्कोअरचे २५ आणि ७५ पर्सेंटाइल असतात आणि किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही. ऐच्छिक झाल्यापासून चांगले स्कोअर असलेलेच पाठवतात म्हणून ते आकडे फुगलेत, कोविडच्या आधीच्या वर्षाचे शेजारी ठेवून बघा. मी असतो तर पाठवला असता, कम्प्युटर सायन्सला मॅथ ७८० खूप बोलतं.

हिस्टरीचे ३ बहुतेक ठिकाणी नाही लिहिले तरी चालतं. पण येलला एसएटीच्या जागी एपी दाखवायच्या ठरवल्या तर दिलेल्या सगळ्या दाखवाव्या लागतात, ३ सकट. तिथे एसएटीच द्या.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार, जॉर्जटाउनचं तुम्ही सांगितलंत म्हणून मनावरचं ओझं उतरलं. मुलीला वाचून दाखवलं, दोन तारखांना ती तयार झाली. ती अजून एकदा एसएटी द्यायचं म्हणतेय, रीडिंगसाठी. द्यावी का?

प्रतिसाद

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या डेडलाइनआधी निकाल हातात येत असेल तरच, आणि निबंध पूर्ण झाले असतील तरच. दिली तर एसएटीबरोबर कॉलेजांना चार स्कोअर रिपोर्ट फुकट पाठवता येतात, ते वापरू नका. परीक्षेनंतर नऊ दिवसांत कॉलेजं निवडावी लागतात, तोवर स्कोअर आलेला नसतो, न बघताच तो कॉलेजला जातो. पैसे भरून नंतर पाठवलेलं बरं. आणि जॉर्जटाउनला तो पण जाणार हे धरून चाला.