एडी रॉबिन्सन म्हणजे नुसते आकडे? मला हे अजिबात पटलेलं नाही

ह्यूस्टनकर
काल 'तिरपा चेंडू' यांनी लिहिलं की लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग या ब्लॅक (कृष्णवर्णीयांच्या) कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल कोच एडी रॉबिन्सन, त्याचे ४०८ विजय छोट्या ब्लॅक कॉलेजांशी खेळून जमवलेले आहेत, वर नागरी हक्कांचं आंदोलन पेटलेलं असताना हा माणूस गप्प बसला, मग हे नुसते आकडे, त्याला अग्रणी कशाला म्हणायचं. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय.

छोट्या कॉलेजांशी खेळला, बरोबर. दुसऱ्या कोणाशी खेळणार होता? १९४१ ला बावीस वर्षांचा पोरगा, बाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबलेला, हा स्वतः बॅटन रूजला पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर, त्याला महिना ६३ डॉलर ७५ सेंटवर कोच म्हणून घेतलं. हाताखाली माणूस नाही. गवत तोच कापणार, मैदानावर फक्की तोच मारणार, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या तोच बांधणार, गोऱ्यांच्या हॉटेलात पोरांना बसू देत नाहीत म्हणून प्रवासाची सँडविचेस तोच करणार आणि मॅचची बातमी लिहून पेपरला तोच देणार. पहिल्या वर्षी ३ जिंकले ५ हरले. पुढच्याच वर्षी ९ पैकी ९, आणि समोरच्यांना अख्ख्या सीझनमध्ये एक पॉइंट नाही! राज्यातली गोऱ्यांची विद्यापीठं तेव्हा ब्लॅक टीमसमोर उतरतच नव्हती. अलाबामा विद्यापीठाचा गोरा कोच बेअर ब्रायंट, त्याच्या टीममधून पहिले ब्लॅक खेळाडू मॅच खेळले १९७१ ला, पण त्याच्या ३२३ विजयांना कोणी 'हो पण' लावत नाही. रॉबिन्सनने ८५ ला डॅलसमध्ये ३२४ वा जिंकून त्याला मागे टाकलं की लगेच समोरची टीम कोण होती ते विचारायचं.

तिरपा चेंडू
अहो, सँडविचची गोष्ट मलाही माहीत आहे. माझा मुद्दा १९६७ चा आहे, त्याला तुम्ही हातच लावला नाहीत. ग्रॅम्ब्लिंगचेच विद्यार्थी उठले की इथे फुटबॉलला जेवढं महत्त्व आहे तेवढं शिक्षणाला द्या. नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) बोलावलं, पोरांना कॉलेजातून काढलं. रॉबिन्सन नुसते कोच नव्हते, अ‍ॅथलेटिक डिरेक्टरही होते, कॉलेजचं बाहेर सगळ्यात मोठं नाव तेच. एवढं वजन असलेल्या माणसाने आपल्याच पोरांसाठी ते कुठे वापरलं एवढंच मी विचारलं, यात अपमान कसला झाला?

अनुजा_अटलांटा
दादा, वजन वापरलं ना. १९४९ ला टँक यंगर रॅम्स या प्रो टीमकडे गेला, ब्लॅक कॉलेजातून एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग) पोचलेला पहिला खेळाडू. त्याच्यानंतर दोनशेच्या वर पोरं प्रो झाली. आणि क्वार्टरबॅकचं (टीमचा खेळ चालवणारा, चेंडू फेकणारा) बघा, तेव्हा सरळ म्हणायचे की ब्लॅक पोराला ती जागा झेपत नाही, कॉलेजचा क्वार्टरबॅक असला तरी प्रोमध्ये दुसरीकडे खेळवायचे. रॉबिन्सनने जेम्स हॅरिसला क्वार्टरबॅक म्हणूनच घडवला, १९६९ ला बफेलोच्या प्रो टीमने त्याला सीझनच्या पहिल्या मॅचला सुरुवातीपासून उतरवलं. मग त्याचाच डग विल्यम्स, १९८८ च्या जानेवारीत सुपर बोल (एनएफएलची फायनल), एका क्वार्टरमध्ये (पाव मॅचमध्ये) ३५ पॉइंट, ४२-१० ने जिंकले आणि एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) तोच. मोर्चात नव्हता म्हणून हे सगळं शून्य का?

शेवटचा बाक
तुम्ही दोघंही खरी गोष्ट टाळताय. माणूस थांबला कधी? ५-६, ३-८, ३-८ (जिंकले-हरले) हे शेवटचे तीन सीझन. १९९६ नंतर माजी विद्यार्थीच म्हणायला लागले की आता पुरे, मग आरडाओरडा झाला आणि अजून एक वर्ष दिलं. त्या वर्षी खेळलेल्या पोरांचं काय? त्यांना कॉलेजची चारच वर्षं मिळतात!
मी हे बोलतोय कारण मी भोगलंय. आमच्या शाळेतले खो-खोचे सर, देवमाणूस, पण शेवटी शेवटी त्यांना पोरांची नावं आठवेनात आणि तरी संघ तेच निवडायचे. माझ्या मोठ्या भावाचं जिल्ह्याचं वर्ष त्यात गेलं. सगळ्यांना दिसत होतं, सरांना सांगणार कोण म्हणून कोणीच बोललं नाही.

ह्यूस्टनकर
भावाचं वाईट वाटलं, पण सत्तावन्न वर्षं एका ठिकाणी दिलेल्या माणसाला तीन वर्षांवरून तोलायचं? निवृत्तीनंतर त्यांना अल्झायमर झाला, २००७ ला गेले. शेवटच्या सीझन्सकडे बघताना एवढी तरी माया ठेवा.

शेवटचा बाक
माया आहे म्हणूनच म्हणतोय! ज्याच्यावर माया असते त्याला वेळेवर घरी आणतात. कॉलेजला त्याचं नाव हवं होतं, न्यू ऑर्लिन्सला बायू क्लासिक या दरवर्षीच्या मॅचला भरणारं स्टेडियम हवं होतं, म्हणून म्हाताऱ्याला साइडलाइनला उभं ठेवलं.

अनुजा_अटलांटा
हे असं सरसकट बोलू नका. माझे बाबा ६८ व्या वर्षापर्यंत वर्कशॉपला जात होते, आम्ही हट्टाने थांबवलं तर सहा महिन्यांत खचले. काम हाच ज्याचा श्वास त्याला 'घरी आणा' म्हणणं सोपं असतं.

शेवटचा बाक
बाबांच्या वर्कशॉपमध्ये सीझन वाया जाणारी पोरं होती का?

अनुजा_अटलांटा
माझ्या बाबांवर यायची काहीएक गरज नव्हती. तुम्ही भावाचं सांगितलं तेव्हा मी वेडंवाकडं बोलले का?

शेवटचा बाक
तसं म्हणायचं नव्हतं. बाबांचं बोललो ते चुकलं. पण त्या पोरांचं वर्ष गेलं ते गेलंच.

तिरपा चेंडू
धागा कुठे नेऊन ठेवलात. पण या निवृत्तीच्या वादातच माझं म्हणणं दडलंय. अख्खी संस्था एका माणसाच्या नावावर उभी राहिली की नंतर काय होतं? २०१३ ला ग्रॅम्ब्लिंगच्याच खेळाडूंनी बहिष्कार टाकला, व्यायामाच्या खोलीत बुरशी, मॅचला जायचं तर तासन् तास बस, शेवटी जॅक्सन स्टेटची मॅच सोडून दिली. डग विल्यम्सला ग्रॅम्ब्लिंगच्या कोचपदावरून काढलं ते त्याच सीझनमध्ये.

ह्यूस्टनकर
त्याचा दोष रॉबिन्सनच्या माथी? सरकारने पैसे कापले, आणि १९७० नंतर मोठ्या विद्यापीठांनी दारं उघडली तशी चांगली पोरं तिकडे वळली. दारं उघडली फक्त खेळाडूंना हेही लक्षात घ्या. मोठ्या विद्यापीठाच्या टीमला पहिला ब्लॅक हेड कोच १९७९ ला, विचिटा स्टेटचा विली जेफ्रीज. ब्रायंट ज्या एसईसीत (दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांची लीग) होता तिथे तर २००४ उजाडावं लागलं.
आणि शिक्षणाचं म्हणाल तर हाच माणूस सकाळी गाईची घंटा वाजवत होस्टेलमधून फिरायचा, पोरं वर्गाला जावीत म्हणून. ६७ च्या पोरांची मागणी आणि ही घंटा, मला तरी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत.

तिरपा चेंडू
घंटा मान्य. कोच म्हणून अग्रणी होते हेही चला, लिहून देतो, 'नुसते आकडे' हे शब्द मागे घेतले. पण घंटा त्यांच्या खेळाडूंसाठी वाजत होती. बाहेर काढलेल्या पोरांचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि ते मी परत विचारणार.

ह्यूस्टनकर
विचारा. ते उत्तर माझ्याकडेही नाही.