मदत हवी आहे: मुलाचा गेम कायमचा ब्लॉक कसा करू?

मेघना_क:
मुलगा सतत मोबाईलवर गोळीबाराचा गेम खेळतो. काल चार हाका मारल्या, जेवायला आला नाही, म्हणून मी वायफाय बंद केलं. त्याने मोबाईल भिंतीवर फेकला. "तुझ्यामुळे मेलो मी!" म्हणाला. हात थरथरत होते त्याचे. उद्या हे साईटवर जातील, मग घरात मी एकटीच. लवकर सांगा.

घारूअण्णा:
वय काय? गेम कोणता? फोन कुणाचा?

मेघना_क:
सगळी मुलं खेळतात तोच हो. ब्लॉक कसा करायचा ते सांगा ना.

रानवाट:
राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या फोनचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा.

घारूअण्णा:
आणि मोबाईल डेटाचं काय?

आबा_मिरजकर:
फोनच काढून घ्या. दिवसभर माणसं मारणारं पोर उद्या हात उचलणारच. उगाच नाही सरकारने 2020 मध्ये पबजी बंद केला. आमच्या गल्लीत संध्याकाळी लंगडी, आट्यापाट्या चालायच्या...

निरंजन७:
आबा, पबजीसह 118 ॲप्स बंद झाली ती देशाच्या आणि डेटाच्या सुरक्षेचं कारण देऊन. पुढच्याच जुलैत त्याचीच भारतासाठीची आवृत्ती, बीजीएमआय, आली. ऑक्सफर्डच्या 2019 च्या अभ्यासात हिंसक गेम आणि किशोरांची आक्रमकता यांचा संबंध आढळला नाही.

सायली_समुपदेशक:
चित्र इतकं सरळ नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये म्हटलं, की ओरडणं, ढकलाढकली यांच्याशी छोटासा संबंध दिसतो. पण गंभीर हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. ताई, झोप, शाळा, जेवण कसं आहे? आधीही अंगावर आला होता का? 14416 वर टेली मानसशी, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी, मोफत बोलता येतं.

जुना_स्नायपर:
ताई, "मेलो" म्हणजे गेममध्ये मेला. पबजीसारख्या गेममध्ये शंभर जण विमानातून उडी मारतात, खेळायचा झोन आक्रसत जातो, शेवटी एकच संघ उरतो. डाव अर्ध्या तासाचा, मध्ये थांबवता येत नाही. शेवटच्या दहांत आलात की छाती धडधडते, घाम फुटतो. चौघांच्या स्क्वॉडमधला एक गेला तर बाकीचे तिघे उघडे पडतात. मी बारावीत असताना आई अशीच वायफाय बंद करायची. राग गेम गेल्याचा नसायचा, दोस्तांना अर्ध्यात सोडल्याचा असायचा. तो कुणाबरोबर खेळतो?

आबा_मिरजकर:
म्हणजे आईने डाव संपायची वाट बघायची? घर आहे की छावणी?

जुना_स्नायपर:
अर्धा तास आधी सांगायचं. "हा डाव झाला की ताट." आमच्याकडे त्यानेच भांडण मिटलं.

मेघना_क:
पंधरा वर्षांचा आहे, नववीत. बीजीएमआयच आहे, आत्ता विचारलं. खातं ह्यांच्या नंबरवर, त्यामुळे अठराखालच्यांची तीन तासांची मर्यादा त्याला लागतच नाही म्हणे. याआधी कधी काही फेकलं नव्हतं. जूनमध्ये लातूरहून ठाण्याला आलो. स्क्वॉडमधली तिघंही लातूरचीच, एक तर पहिलीपासून त्याच्या बाकावरचा. इथल्या शाळेतल्या कुणाचं नाव अजून त्याच्या तोंडून ऐकलं नाही मी. रोज साडेआठला जमतात, आणि मी ताटं साडेआठलाच घेते.

सायली_समुपदेशक:
मग आज ब्लॉक नको. ताटं आठला घ्या. साडेनऊला फोन तुमच्याकडे, हे त्याच्याशी आधी बोलून ठरवा. फेकाफेकीबद्दल मात्र आजच बोला.

मेघना_क:
आठला घेते. पण भिंतीला खड्डा पडलाय आणि अजून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. सुरुवात मी करू का?